जुना ट्रॅक्टर ‘पूर्ववत’ झाला असे केव्हा म्हणावे?

मागील अंकात आम्ही मिरज तालुक्यातील एका वाचकाच्या पन्नाशी ओलांडलेल्या ट्रॅक्टरचे छायाचित्र छापले होते आणि त्याखाली ‘पूर्ववत केलेला ट्रॅक्टर’ अशी ओळ दिली होती. या एका शब्दावरून सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नात मुळाचाच वाद असल्याने त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : आमच्या वडिलांनी १९७४ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर गेली अकरा वर्षे गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. द्राक्षबागेच्या कामाला आमच्याकडे दुसरा लहान ट्रॅक्टर आहे, त्यामुळे याची गरज म्हणून नव्हे, तर वडिलांची वस्तू म्हणून तो नीट करावा असे सर्वांना वाटते. गावातील मिस्त्री म्हणतात, ‘दीड महिन्यात रिस्टोअर करून देतो, शोरूममधून आणल्यासारखा दिसेल.’ धाकट्या भावाचे म्हणणे असे की, इंजिन सुरू होऊन ट्रॅक्टर चालू लागला की काम झाले. माझा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या मते एकदा नवे सुटे भाग बसवायला सुरुवात केली की तो आजोबांचा ट्रॅक्टर राहतच नाही. यांत बरोबर कोण?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : आपल्या घरात तीन वेगवेगळ्या कामांना एकच नाव दिले गेले आहे, म्हणून वाद मिटत नाही. आपले बंधू सांगतात ती दुरुस्ती आहे. मिस्त्री सांगतात ते बहुधा नूतनीकरण, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवे रूप चढवणे आहे. पूर्ववत करणे हे तिसरे काम, आणि त्यात पहिला प्रश्न ‘कसे’ हा नसून ‘कोणत्या वेळेला’ हा असतो. हा ट्रॅक्टर आपल्याला १९७४ साली वडिलांनी ताब्यात घेतला त्या दिवशी होता तसा हवा आहे, की त्यांनी दहा-पंधरा वर्षे राबवल्यानंतर, मागे ओढणीसाठी गावातच घडवून घेतलेला हूक आणि डोक्यावर उन्हासाठी लावलेली लोखंडी चौकट यांसह आपण लहानपणी पाहिला तसा हवा आहे? दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत. परंतु ते ठरवल्याशिवाय पाना हातात घेतला, तर अर्धा ट्रॅक्टर एका सालचा आणि अर्धा दुसऱ्या सालचा होतो, व त्याला कोणत्याही काळात अस्तित्वात नसलेल्या ट्रॅक्टरचे रूप येते.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याला नवा नाही. तरीही आपल्याकडील कितीतरी गावांत जीर्णोद्धार म्हणजे काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइल पेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी आणि शिखरावर सिमेंट असा अर्थ होऊन बसला. देऊळ मोडकळीला आले होते ते वाचले, हे खरे. पण जे वाचवायचे होते तेच झाकले गेले. ‘शोरूममधून आणल्यासारखा’ या शब्दांची मला धास्ती वाटते ती यामुळेच.

वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने एक मर्यादा घालून दिली आहे : जिथून अंदाज सुरू होतो, तिथे पूर्ववत करण्याचे काम थांबले पाहिजे. जुन्या वाहनांच्या हौशी संघटनांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, ज्याला ‘फिवा’ म्हणतात, त्याने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ‘तुरीन सनदे’तही याच विचाराने जपणूक, संवर्धन आणि पुनःस्थापन, म्हणजेच पूर्ववत करणे, या पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत. जी पायरी कमीत कमी हस्तक्षेपात भागते ती आधी पाहावी, असा तिचा रोख आहे. आपल्या शेडमधील ट्रॅक्टरला ही सनद कोणी लावायला येणार नाही. तरीही बोनेट उतरवण्याआधी स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न त्यातून मिळतो : हा भाग मला बदलावाच लागतो आहे, की केवळ बदलावासा वाटतो आहे?

आता आपल्या मुलाच्या शंकेकडे वळतो, कारण ती सर्वांत खोल आहे. बैलगाडीच्या चाकाचे आरे बदलले, धाव नवी चढवली, पुढे कधी साटी नवी केली, तरी गाडी आजोबांचीच म्हटली जाते. याचे कारण असे की झिजणे आणि बदलले जाणे हा त्या भागांचा धर्मच असतो. ट्रॅक्टरमध्येही असे दोन वर्ग आहेत. टायर, बॅटरी, पट्टे, होसपाइप, ऑइल सील, क्लच प्लेट, पिस्टन रिंगा, बेअरिंगे हे सारे कारखान्यानेच बदलायचे म्हणून बनवलेले भाग आहेत. इंजिनचा क्रँक घासून दहा, वीस, तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइझची, म्हणजे तेवढ्या बारीक झालेल्या क्रँकच्या मापाची, बेअरिंगे बसवणे हेही मूळ रचनेत धरलेलेच आहे. त्याला बाट लावणे असे समजण्याचे कारण नाही.

दुसरा वर्ग मात्र वेगळा आहे. मोटारीला असते तशी स्वतंत्र चौकट आपल्या मॅसीला नाही. इंजिन, त्यामागे क्लच व गिअरबॉक्सचे बिडाचे घर आणि त्यामागे मागच्या धुरीचे घर, हे तिन्ही एकमेकांना बोल्टने जोडून त्यांनाच कणा बनवलेले आहे. १९१७ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या फोर्डसन ट्रॅक्टरने ही पद्धत सर्वदूर नेली आणि पुढे ती जवळजवळ नियमच झाली. म्हणून तर क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध सोडून दोन भाग करावे लागतात. हा कणा म्हणजे ट्रॅक्टरची ओळख. कण्याची घरे, इंजिनचा ब्लॉक, पुढची धुरी, स्टेअरिंग बॉक्स, हायड्रॉलिक लिफ्टचे कव्हर आणि क्रमांकांच्या पट्ट्या जोवर त्याच आहेत, तोवर आपला मुलगा निर्धास्त राहू शकतो. टायर नवे आणि रिंगा नव्या असल्या तरी तो आजोबांचाच ट्रॅक्टर आहे.

मूळपणा खऱ्या अर्थाने कुठे हरवतो, तर जिथे कोणाचे लक्षच जात नाही अशा जागी. बोल्टांचेच पाहा. मॅसी ही इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेतील रचना असल्याने तिच्या जुन्या बोल्टांचे आटे इंची मापाचे आहेत. अर्धा इंची बारीक आट्याच्या बोल्टाचे डोके पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे असते. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या १२ मिलिमीटर बोल्टाचे डोके १९ मिलिमीटरचे. एकच १९ चा पाना दोन्हींना बसतो आणि मिस्त्रीची समजूत होते की बोल्टही तेच. पण इंची बोल्टाला इंचाला वीस आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटरचे अंतर. १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टात ते अंतर १.७५. बोल्ट एक-दोन फेरे जातो, मग अडतो, मग पान्याला पाइप लावला जातो, आणि पन्नास वर्षे टिकलेले बिडातले आटे एका दुपारी संपतात. पुढे भोक मोठे करून त्यात आणखी जाड बोल्ट ठोकला जातो. अशी तीन-चार ‘दुरुस्त’ भोके मला दर जुन्या ट्रॅक्टरवर दिसतात. म्हणून मिस्त्रींना काम देण्यापूर्वी एवढेच विचारा की, इंची आट्यांचे टॅप आणि डाय, म्हणजे आटे पाडण्याची हत्यारे, त्यांच्याकडे आहेत का. उत्तर काय येते यावरून पुढचे बरेच काही ठरेल.

आपल्या बंधूंच्या म्हणण्यातील अर्धे मी मान्य करतो : चालत नसलेल्या ट्रॅक्टरला पूर्ववत झाला असे मी म्हणणार नाही. पण इंजिन सुरू होणे म्हणजे ट्रॅक्टर चालणे नव्हे. या ट्रॅक्टरचे सारे वैशिष्ट्य त्याच्या मागच्या बाजूला आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी मागे अवजार जोडण्याची तीन जोडांची उचल आणि ओढीनुसार आपोआप खाली-वर होणारी हायड्रॉलिक रचना एकत्र आणली. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनमधून आणि १९४६ पासूनच्या राखाडी टीई-२० मधून ती जगभर गेली. १९५३ मध्ये फर्ग्युसन यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली, आणि तीच रचना चेन्नईच्या टॅफे या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीमार्फत आपल्या शेडपर्यंत आली. नांगर कठीण जमिनीत शिरला की वरचा दांडा मागच्या जाड स्प्रिंगला दाबतो, ती हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि नांगर बोटभर वर उचलला जातो. ज्यांनी आयुष्यभर फक्त ट्रॉली ओढली, त्यांच्या ट्रॅक्टरची ही स्प्रिंग गंजून जाम झालेली असते आणि ती तशी आहे हे त्यांना ठाऊकही नसते. तिचा गंज सोडवून, लिव्हर जागच्या जागी लावून, खऱ्या रानात एक तास नांगर धरून पाहा. ट्रॅक्टर त्या कसोटीला उतरला, तर मी त्याला रंग न देताही पूर्ववत म्हणेन. फक्त चकचकीत असेल, तर ती चार चाकांवरची मूर्ती झाली.

एक काम मात्र आजच करा. त्याला खर्च नाही. काहीही सोडण्याआधी चारही बाजूंनी, खालून, आणि प्रत्येक पाइप व वायरीच्या वळणाचे छायाचित्र काढून ठेवा. आणि एक वही घाला. काय काढले, का काढले, त्याजागी काय बसवले, कोणत्या मापाचे बसवले, हे तारखेनिशी लिहा. काढलेला मूळ भाग भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. डायनामो काढून अल्टरनेटर बसवावासा वाटला तर बसवा, दिव्यांसाठी ते सोयीचेच आहे. पण डायनामो आणि त्याची पट्टी ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून ठेवा. पुन्हा मागे जाता येईल असा बदल आणि परतीची वाट बुजवणारा बदल यांत मी मोठा फरक करतो, आणि माझ्या मते ‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्धा प्रामाणिकपणा त्या वहीत असतो.

प्रश्न : आमचा इंटरनॅशनल बी-२७५ हा १९७२ चा आहे. आज तो निळा आहे, त्याआधी केशरी होता असे आई सांगते. घरातले एकमेव जुने छायाचित्र कृष्णधवल आहे. मूळ रंग लाल होता हे सर्वजण सांगतात, पण कोणता लाल? आणि बोनेटवर सध्या ‘महिंद्रा’ असे स्टिकर आहे, ते ठेवावे का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : शेंदराचे जाड कवच गळून पडल्यावर आत मूळ कोरीव मूर्ती सापडली, अशा हकिगती आपण ऐकतो. आपल्या ट्रॅक्टरवरही तसेच कवच आहे, फक्त ते गळून पडण्याची वाट न पाहता हलक्या हाताने उलगडायचे आहे. ऊन आणि पुढचे रंगारी जिथे पोहोचले नाहीत अशा जागा शोधा : क्रमांकाच्या पट्टीची मागची बाजू, हत्यारपेटीच्या आतला तळ, डिझेलच्या टाकीला कसणाऱ्या पट्ट्यांखालचा भाग, डॅशबोर्डच्या पत्र्याची आतली बाजू. तिथे काही मिळाले नाही, तर मडगार्डच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासा. निळा, केशरी, मध्येच एखादा राखाडी प्रायमर आणि सर्वांत आत मूळ लाल, अशी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळे दिसतील. उन्हात विटलेल्या लालवरून माप घेऊ नका. त्यावर थोडे मेण चोळले की खालची खरी छटा वर येते. हा तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात गेलात, तर यंत्रावर त्याची छटा मोजून रंग मिसळून मिळतो.

हे मी शहाणपणाने सांगत असलो, तरी शिकलो आहे चुकीतून. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा सगळा पत्रा मी चार दिवसांत उत्साहाने घासून पांढरा केला, आणि पाचव्या दिवशी लक्षात आले की मूळ रंग दाखवणारा एकही ठिपका जगात उरलेला नाही. त्यानंतर त्याला जो रंग लागला तो माझ्या आवडीचा होता, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

रंगाच्या पद्धतीबद्दलही थोडे सांगतो. त्या काळी बरेच ट्रॅक्टर पूर्ण जोडून झाल्यावर रंगवले जात, त्यामुळे बोल्टांची डोकी, पाइपांची टोके यांवर इंजिनचाच रंग असे. आज हौसेने प्रत्येक बोल्ट पॉलिश करून चमकवला जातो; दिसायला ते छान असते, पण १९७२ मध्ये तसे कोणी केले नव्हते. बिडाचे ओतकाम मुळातच खरबरीत असते. त्यावर लांबी (पुट्टी) भरून आरशासारखे गुळगुळीत करणे ही आपली भर झाली. गंज आणि जुना रंग काढणारा वाळूचा मारा चाकांच्या रिमांना, ओढदांड्याला, मोकळ्या केलेल्या जाड भागांना खुशाल करा. बोनेटचा पातळ पत्रा त्याने पोळून वाकडा होतो, आणि जोडलेल्या इंजिनवर किंवा गिअरबॉक्सवर तो मारा करणे म्हणजे बेअरिंगांत आपल्या हाताने वाळू घालणे आहे.

स्टिकरचे उत्तर इतिहासातच आहे. महिंद्र अँड महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. बी-२७५ हा तिचा पहिला ट्रॅक्टर १९६५ मध्ये बाहेर पडला आणि १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आपला १९७२ चा ट्रॅक्टर विलीनीकरणाच्या आधीचा आहे. त्या सालापर्यंत मागे जायचे असेल, तर त्याच्या बोनेटवर ‘इंटरनॅशनल’च हवे. आपल्या कृष्णधवल छायाचित्रात अक्षरांची जागा आणि आकार दिसत असेल, तर रंगासाठी नाही तरी यासाठी ते अमोल आहे. भिंग घेऊन पाहा.

प्रश्न : आमचा एचएमटी २५११ हा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर धुऊन ठेवला, तो आजतागायत सुरू केलेला नाही. इंजिन फिरत नाही. आता दुसऱ्या ट्रॅक्टरने गिअरमध्ये टाकून ओढून पाहावे, असे सर्वजण सुचवतात. यालाही पूर्ववत करणे म्हणावे का?
— एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : आधी ओढण्याचा बेत रद्द करा, मग शब्दांचे पाहू. जाम झालेले इंजिन ओढून फिरवले तर रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि सिलिंडरमध्ये पाणी अजून साठलेले असेल तर ते दाबले जात नसल्याने त्याहून मोठी मोडतोड होते.

आपल्या ट्रॅक्टरचे खरे दुखणे पाण्यापेक्षा गाळाचे आहे. कृष्णेचा गाळ हाताला लोण्यासारखा मऊ लागतो, पण बेअरिंगांत तो पॉलिश पेपरचे काम करतो. बाहेरून धुतल्याने आतला गाळ गेलेला नाही. तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स, मागची धुरी आणि स्टेअरिंग बॉक्स यांतील ऑइल खालून पूर्ण सोडा. आधी पाणी, मग चहासारखा पांढरट राडा आणि शेवटी तळाचा चिखल निघेल. डिझेल फवारणारे नोझल काढून ठेवा व प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि पातळ ऑइल ओतून चांगले आठवडाभर मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून, मागचे एक चाक उचलून, ते हाताने पुढे-मागे डोलवा. केसभर हालले तरी पुरे. त्या दिवशी तेवढ्यावर थांबा, पुन्हा ऑइल द्या. या ट्रॅक्टरला दोनच सिलिंडर असल्याने हे काम घरच्या घरी जमण्यासारखे आहे. आठ-दहा दिवसांत दाद मिळाली नाही, तर हेड उतरवून वरून पाहण्याला पर्याय नाही. डिझेल पंप मात्र स्वतः उघडू नका. तो पंपाच्या कारागिराकडेच द्या, कारण त्यातल्या जोड्या इतक्या नेमक्या बसवलेल्या असतात की बोटाचा घामही त्यांना बाधतो. इंजिन फिरू लागले तरी ते लगेच सुरू करू नये. खालचे ऑइल पॅन काढून, बेअरिंगांच्या टोप्या एकेक उघडून, गाळ पुसून घेतल्यानंतरच पहिली किल्ली मारावी.

हे सर्व म्हणजे पूर्ववत करणे नव्हे, बुडत्याला बाहेर काढणे आहे. ते आधी होऊ द्या. चेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या रचनेवर हरियाणातील पिंजोर येथे १९७१ पासून हे ट्रॅक्टर बनू लागले, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. त्यामुळे कारखान्याकडून आता नवे काही येणार नाही, आणि आपल्याकडचा प्रत्येक मूळ भाग, गंजका का असेना, फेकण्याआधी दोनदा विचार करावा असा झाला आहे. हा ट्रॅक्टर युरोप खंडातील रचनेचा असल्याने त्याचे आटे मिलिमीटरचे आहेत, हाही तासगावच्या वाचकांच्या तुलनेत आपला एक फायदा.

एक गोष्ट ठेवण्यासारखी आहे असे मला वाटते. मडगार्डच्या आत किंवा डॅशबोर्डमागे पुराच्या पाण्याची रेघ उमटली असेल, तर रंग देताना ती जागा सोडा. २०१९ हे सालही त्याच्या आयुष्यातले आहे.

प्रश्न : जुन्या ट्रॅक्टरचा ब्लॉक फुटल्याने भंगारात मिळालेल्या त्याच जातीच्या ट्रॅक्टरचे इंजिन बसवायचे आहे. मग तो मूळ ट्रॅक्टर राहील का, आणि आरटीओची काही अडचण येईल का? तसेच जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी असते असे ऐकले, ती घ्यावी का?
— एक वाचक, सातारा तालुका

उत्तर : प्रथम कायदा पाहू. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परवानगीशिवाय करता येत नाही, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते. इंजिन बदलले की इंजिन क्रमांक बदलतो. म्हणून आधी आरटीओ कार्यालयात जाऊन परवानगी आणि नंतर नोंद, असाच क्रम ठेवा. आणि त्या दुसऱ्या इंजिनच्या खरेदीची पावती व मूळ ट्रॅक्टरचे कागद असल्याशिवाय ते विकत घेऊ नका. नव्या ब्लॉकवर जुना क्रमांक ठोकून देण्याची ‘सोय’ कोणी सुचवली, तर तिथून उठून यावे. तो गुन्हा आहे. चासी क्रमांक जिथे कोरलेला आहे ती जागा घासू नका व तिच्यावर जाड रंगही चढू देऊ नका, कारण पुनर्नोंदणीच्या वेळी त्याची पेन्सिलने छाप घेतली जाते.

मूळपणाचे उत्तर मी असे देईन : त्याच जातीचे, त्याच काळाचे इंजिन बसवलेला ट्रॅक्टर योग्य रीतीने पूर्ववत केलेला असू शकतो, पण ‘मूळ इंजिनासह’ हे शब्द त्याच्यापुढे लावता येणार नाहीत. विकताना तर हे सांगितलेच पाहिजे. फुटलेला ब्लॉक बिडाच्या वेल्डिंगने किंवा टाचे मारून सांधता येतो का, हे आधी चांगल्या कारागिराला दाखवा. भेग पाण्याच्या बाजूच्या भिंतीला असेल, तर बहुधा सांधता येते. क्रँकच्या बैठकीतून गेली असेल, तर त्या ब्लॉकचा नाद सोडावा.

आपण ऐकले ती नोंदणी म्हणजे २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली व्हिंटेज वाहनांची तरतूद होय. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने, जी मूळ स्वरूपात राखलेली आहेत आणि ज्यांची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नाही, अशांसाठी ती आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अशी नोंद झालेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन, देखभाल अशा कामांपुरतेच ते फिरवता येते. आपल्याला ट्रॅक्टर शेतात आणि रस्त्यावर कामाला वापरायचा असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणे हेच बरे.

प्रश्न : दसऱ्याच्या आत जुन्या ट्रॅक्टरला अलॉय दिसणारी चाके, रंगीत एलईडी पट्ट्या आणि मोठी साउंड सिस्टीम बसवायची आहे. पूर्ववत करण्याच्या कामात हे बसते का?
— एक तरुण वाचक, वाळवा तालुका

उत्तर : बसत नाही. खंडेनवमीला झेंडूची माळ घाला, ती दुसऱ्या दिवशी काढता येते.

प्रश्न : आमच्या मामंजींचा ट्रॅक्टर मुलगा नीट करून घेतो आहे. उजव्या मडगार्डवर एक ठिगळ आहे. मामंजींनी ते आमच्या गावच्या लोहाराकडून रिव्हेट मारून बसवून घेतले होते. पत्रा कुठल्या तरी जुन्या डब्याचा आहे, आतून अजून अक्षरे दिसतात. मुलगा म्हणतो, नवे मडगार्ड बाजारात मिळते, हे कशाला ठेवायचे? मला ते काढू नये असे वाटते, पण कारण सांगता येत नाही.
— एक वाचक भगिनी, माण तालुका

उत्तर : कारण सांगता येण्यासारखे आहे, ताई. नवे मडगार्ड पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. ते ठिगळ एकदा उतरवले की पुन्हा कुठेच मिळणार नाही. शिवाय दुष्काळी भागात एक पत्रा वाया न घालवता ट्रॅक्टर कसा चालू ठेवला जाई, ही गोष्ट तो डब्याचा पत्रा जितकी नेमकी सांगतो तितकी आपण किंवा मी सांगू शकणार नाही. कारखान्याने केलेले काम तेवढे मूळ आणि गावच्या लोहाराने केलेले ते डाग, ही समजूत मला मान्य नाही.

मात्र यात एक भेद करावा लागेल, आणि तो आपल्या मुलाच्या बाजूने आहे. मडगार्डचे ठिगळ कोणाच्या जिवावर उठत नाही. तेच ठिगळ पुढच्या धुरीला, स्टेअरिंगच्या दांड्यांना, ब्रेकच्या जोडांना किंवा मागच्या चाकाच्या रिमला असेल, तर माया न करता तो भाग बदलायचा. जुना भाग हवा तर भिंतीला टांगून ठेवा. म्हणून मुलाला सांगा की, आधी ट्रॅक्टरवरच्या सगळ्या जुन्या वेल्डिंगच्या जागा तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात तपासून घे, आणि मगच मडगार्डकडे ये.

तिथे आल्यावर काम थोडेच आहे. रिव्हेट हालत असतील, तर त्याच भोकांत त्याच जाडीचे नवे मारावेत, वेल्डिंग करू नये. पातळ जुना पत्रा त्याने जळतो. ठिगळाच्या आतल्या बाजूचा सुटा गंज पितळी ब्रशने हलकेच काढावा, अक्षरांवर ब्रश नेऊ नये, आणि त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात कापडाने फिरवून आठ दिवस वाळू द्यावा. बाहेरून मडगार्डला जो रंग लागेल तोच ठिगळालाही लागू द्या. मामंजींच्या काळीही ते रंगाखालीच होते.